आवारात स्वामी बसले आहेत

लातूर, ९ फेब्रुवारी १९८६

चि. नीलम्मा हिस,

लातूरहून धोंडप्पाचा तुला आणि महानंदाला आशीर्वाद.

तुझं कार्ड आलं. पोस्टमन दारात उभा राहून म्हणाला, "अप्पा, नांदेडचं हाय." पोरीला काही झालं की काय म्हणून उभ्याउभ्याच सगळं चाळलं. तसं काही दिसलं नाही, तेव्हा बसून सावकाश वाचलं.

आपला बसवंत वारल्यावर तू पोरीला घेऊन भावाकडे निघालीस तेव्हा सासऱ्या-सुनेत जे बोलणं झालं, ते मी इथे काढत नाही. तूही काढलं नाहीस, बरं केलंस. तू बालवाडीचा कोर्स केलास, तिथल्या पाळणाघरात काम शिकलीस, आणि आता लातूरला स्वतःचं पाळणाघर काढायचं म्हणतेस. काढ. आता मी नाही म्हणणारा कोण?

तुझा अंदाज बरोबर आहे. जिल्हा झाल्यापासून लातूर पहिलं राहिलं नाही. नव्या नव्या कचेऱ्या झाल्या, आणि त्यांच्यासाठी नागपूरची, सोलापूरची, कुठली कुठली माणसं बदली होऊन आली. नवरा-बायको दोघं नोकरीला जातात. घरात ना सासू ना आजी. परवा मी फोनच्या हापिसात गेलो होतो, तिथे एक बाई लेकरू मांडीवर घेऊन काम करत होती. लेकरू फोनची वायर चघळत होतं. त्या बाईला तुझ्यासारखं कुणी पाहिजेच आहे.

पण जागा बघायचं काम माझ्यावर टाकलंस, त्याची धास्ती बसली आहे. मी उभा जन्म गंजातल्या आडतींवर धान्याचा मापाडी म्हणून काढला. पोत्यात हात घातला की आत काय आहे ते कळतं. घरात हात कुठे घालायचा? शाळाही माझी तिसरीपर्यंतची, तीही निजामाच्या राज्यातली, उर्दूतली. तेव्हा जे विचारतो त्याला हसू नकोस. पोरं रांगणारी असतील का चालणारी? दुपारी सगळी एकदम झोपतात का? एक रडायला लागलं की सगळी रडतात का? आणि तसं झालं तर शेजारचे लोक काय म्हणतील? दार आत उघडणारं पाहिजे का बाहेर? हे सगळं नीट लिही. मी आजपासून फिरायला लागतो.

तुझा,
धोंडप्पा

लातूर, २६ फेब्रुवारी १९८६

चि. नीलम्मा हिस, आशीर्वाद.

पुष्कळ घरं बघितली. बाकीची सांगण्यासारखी नाहीत. दोन सांगतो.

एक नव्या कचेऱ्यांच्या मागे आहे. औशाच्या श्रीमंत जाधवाने बांधलं आहे. बैठं घर, तीन खोल्या, पुढे अंगण. ऐकायला चांगलं वाटतं, पण मी नीट बघितलं. खिडक्या इतक्या खाली आहेत की पोरं गजांत डोकं घालतील. दुपारनंतरचं ऊन सरळ आत येतं. सिमेंटचा वास अजून गेला नाही. समोरून जीपगाड्या जातात. पाणी तर अजिबात नाही. नळ बसवला आहे, पण तो दाखवायला. सगळा टँकरवर खेळ. आजूबाजूला आपलं म्हणावं असं एक माणूस नाही. मी हे सगळं बोलून दाखवलं तर श्रीमंत चिडला.

"अप्पा, घर बघायलाव का खोड्या काढायलाव?"

"लेकरांचं काम हाय बाबा. बघावं लागतंय."

"माझीबी लेकरं ह्याच घरात राहणार होती. त्यांची डोकी काय वायली हायती?"

तोंडाने फटकळ आहे. अशा मालकाशी तुझं जमायचं नाही.

दुसरं घर मलप्पाचं. योगायोग असा की ते आपल्याच गल्लीत आहे, आपल्या भिंतीला भिंत लागून. तुला आठवत असेल, मोठं आवार, मध्ये कडुलिंबाचं झाड. मुख्य म्हणजे आडाला पाणी आहे. खोल गेलं आहे, पण आहे. गावात घागरीमागे भांडणं चालली आहेत, पण मलप्पाच्या आडाचा दोर ओला असतो. आडावर जाळी बसवून कुलूप लावायचं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं. भिंतीची भोकं बुजवायला सांगितली, विंचू निघतात म्हणून. माळवदावर यंदा नवी माती टाकतो म्हणाला. आवारात आपल्या मठाच्या जुन्या स्वामींची समाधी आहे, म्हणजे जागेला राखणही आहे. चौथरा ऐसपैस आहे, सावली दिवसभर असते, पोरं वर बसून जेवतील.

माझं मत मलप्पाच्या घराला आहे. पण तू तुझ्या मनाने ठरव. मी भरीस घातलं असं नको.

तुझा,
धोंडप्पा

लातूर, १४ मार्च १९८६

चि. नीलम्मा हिस, आशीर्वाद.

तू होकार दिलास. मी लगेच जाऊन मलप्पाला पक्कं सांगितलं. तो म्हणाला, "चला, आवारात पोरांचा गलका व्हईल. स्वामींनाबी करमंल." मला ते बोलणं फार गोड वाटलं.

समाधी आहे हे चांगलंच झालं, पहिली पूजा तिथेच करू, असं तू लिहिलंस. मीही तेच मनात धरलं होतं. बसवजयंतीला सुरू करू. चांगला दिवस आहे.

कचेऱ्यांपासून घर लांब पडेल का, असं तू विचारलंस. लांब म्हणजे काय? सायकलवर बसलं की आलंच. आणि चांगली वस्तू असली की माणूस चार पावलं जास्त चालतो. श्रीमंतचं घर अजून रिकामं आहे का, हे बघून यायला लिहिलंस. वेळ मिळाला तर बघतो. पण पाण्याचं काय, ते मी लिहिलंच आहे.

महानंदाला माझी ओळख राहिली असेल का? तिला सांगून ठेव, नाहीतर मला बघून रडायची.

तुझा,
धोंडप्पा

लातूर, १४ सप्टेंबर १९८६

चि. नीलम्मा हिस, आशीर्वाद.

तू पोळ्याच्या आदल्या दिवशी नांदेडला परत गेलीस. सुखरूप पोचल्याचं दोन ओळींचं कार्डही आलं नाही. तुझा राग मला समजतो. तरी महानंदाचं एक वाक्य लिहायला हरकत नव्हती.

मलप्पाने घराला कुलूप लावलं आहे. पाळणे तू ठेवून गेलीस, ते मी माझ्या ओसरीवर आणून ठेवले. पाऊस यंदाही तोंड दाखवून गेला. त्यामुळे ते भिजायची भीती नाही, तरी मी रोज हात लावून बघतो.

तू असताना मी बोललो नाही. आता लिहितो. बसवजयंतीपासून सगळं किती चांगलं लागलं होतं. फोनच्या हापिसातल्या देशकर बाईंनी आपला बंटी आणून सोडला, त्यांच्या ओळखीने बाकीच्या आल्या. सकाळी मी ओसरीवर बसलो की भिंतीपलीकडून पोरांचा आवाज यायचा. तू म्हणाली होतीस, "मामा, कामाच्या वेळेला येत जाऊ नका." मी येत नव्हतो. फक्त समाधीला विभूती लावायला यायचो. ते तर मला करावंच लागतं.

त्या दिवशी बंटी माझ्या मागे मागे आला.

"आजोबा, ह्याच्यात काय आहे?"

"स्वामी बसलेत."

"झोपलेत?"

"झोपलेत कशाला? बसलेत. मांडी घालून."

"बाहेर कधी येणार?"

"त्यांचं काय काम बाहेर? ध्यानात हायत."

"मग जेवतात काय?"

"सोमवारी निवद असतोय की."

त्याला बरं वाटलं, मलाही बरं वाटलं. शहरातलं पोरगं एवढं विचारतं म्हणून मी त्याच्या कपाळाला विभूतीचं बोट ओढलं. नंतर त्याने घरी जेवताना अर्धी पोळी बाजूला काढून ठेवली. आईने विचारलं तर म्हणाला, "आमच्या पाळणाघरात जमिनीखाली एक आजोबा बसलेत. त्यांना सोमवारपर्यंत उपाशी राहावं लागतं."

देशकर बाई दुसऱ्या दिवशी लवकर आल्या. तू आत दूध तापवत होतीस. त्यांनी मलाच गाठलं.

"बाबा, खरं सांगा. ह्या चौथऱ्याखाली काही आहे का?"

आता बघ, मी काय सांगावं? देवाच्या कामात खोटं बोलू? मी म्हणालो, "हाव बाई. लई मोठा अधिकारी पुरुष. ह्यांच्यासारखी राखण पोलिसाची न्हाई."

"म्हणजे... पुरलेलं आहे?"

"पुरलेलं कुठं? बसवलेलं हाय. आमच्यात असंच असतंय."

बाई काही वाकडं बोलल्या नाहीत. पोराचा हात घट्ट धरला आणि त्याची पिशवी मागितली. पुढचं तुला माहीत आहे. एकेक करून सगळ्या थांबल्या. कुणी गावी जाणार म्हणाल्या, कुणाची आई येणार होती. तू घरोघर गेलीस, तेव्हा एकीने तुला दारातच सांगितलं, "तुमच्यात चालत असेल हो." हे तू मला घरी येऊन सांगितलंस आणि हसलीस. ते हसू मला आवडलं नव्हतं.

मी त्यावर फार विचार केला. आपण बसवंतालाही तसंच बसवलं, विभूती लावून, त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग त्याच्या हातात देऊन. त्याच्या समाधीजवळ महानंदा खेळायची, तेव्हा तुला भीती वाटली का? मला नाही वाटली. मी विंचवाला भ्यालो, आडाला भ्यालो, खिडकीच्या गजांना भ्यालो. आणि समाधीचं तुला मी लिहिलं ते राखण म्हणून. तूही वाचलंस आणि पूजा करू म्हणालीस. दोघांच्याही डोक्यात आलं नाही. देशकर बाईंच्या लोकांत माणूस गेलं की जाळतात. त्यांच्याकडे गेलेल्या माणसाचं काही उरत नाही. म्हणून उरलेल्याची त्यांना भीती वाटत असेल. आपल्याला कशी वाटणार?

जाताना तू म्हणालीस, "मामा, तुम्ही खोटं सांगितलं न्हाई. पण तुम्हाला सांगा म्हणून कुणी सांगितलं होतं?"



तुझा,
धोंडप्पा

लातूर, २१ नोव्हेंबर १९८६

चि. नीलम्मा हिस, आशीर्वाद.

दिवाळी गेली. तुझं पत्र नाही. तुझ्या भावाने, महादेवप्पांनी, फराळ मिळाल्याचं कळवलं, त्यावरून तुम्ही सगळे बरे आहात असं मी धरून चालतो.

मलप्पाच्या आडाचं पाणी संपलं. दसऱ्याच्या सुमारास घागर तळाला आपटायला लागली. आता खाली नुसता चिखल आहे. ज्या पाण्याचं मी तुला लिहून लिहून कौतुक केलं, त्याने वर्षही काढलं नाही.

आपल्या गल्लीत टँकर येईपर्यंत जीव जातो, म्हणून मी घागर घेऊन नव्या कचेऱ्यांकडे जातो. काल तिथे देशकर बाई भेटल्या. मी मान खाली घातली, पण त्यांनीच हाक मारली.

"बाबा, घागर द्या इकडे. ह्या गर्दीत पडाल."

त्यांनी रांगेतल्या बायांना दटावून माझी घागर आधी भरली. मग म्हणाल्या, "नीलाताई कुठे आहेत?"

"नांदेडला. गेली परत."

"आमचा बंटी अजून विचारतो."

"काय विचारतोय?"

"स्वामींना पोळी कोण देतं म्हणून." बाई हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "बाबा, माझं काही वाईट मनात नव्हतं. पण रात्री पोरगं झोपेतून उठून बसायचं, मांडी घालून. म्हणायचं, मी स्वामी झालो. माझ्या अंगावर काटा यायचा हो. नीलाताईंसारखी बाई मला परत मिळाली नाही. आता एका म्हातारीकडे ठेवते, ती पोराला अफू देते की काय अशी शंका येते."

त्यांनी हाताने समोर दाखवलं. "ह्या घरात काढलं असतं ना, तर मी आजही तिथेच ठेवला असता. हापिसाच्या खिडकीतून दिसलं असतं."

ते श्रीमंतचं घर होतं. तिथे आता टायपिंगचा क्लास आहे. आतून टकटक ऐकू येत होती. श्रीमंत दारातच खुर्ची टाकून बसला होता. मला म्हणाला, "काय अप्पा, आता टँकरच्या खोड्या काढायला आलात का?"

नीलम्मा, मी तुला त्या घराच्या ज्या खोड्या लिहिल्या त्या खोट्या नाहीत. ऊन येतंच. खिडक्या खाली आहेतच. पण टँकर सगळ्यात आधी त्या गल्लीत येतो, कारण साहेब लोक तिथे राहतात, हे मला तेव्हाही माहीत होतं. ते मी लिहिलं नाही. आणि तू परत बघून या म्हणालीस तेव्हा घर रिकामंच आहे हे माझ्या कानावर आलं होतं. मी गेलोच नाही.

त्या घराची खरी खोड एकच होती. ते माझ्या भिंतीला लागून नव्हतं.

मी हे लिहून पाकिटात घातलं, परत काढलं, परत घातलं. आता टाकतो.

तुझा,
धोंडप्पा

लातूर, १९ जानेवारी १९८७

चि. नीलम्मा हिस, तुला आणि महानंदाला आशीर्वाद.

संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर तुझं पत्र मिळालं. मागच्या पत्राबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. मीही आता ते पुन्हा काढत नाही. पण तू जागेबद्दल मला विचारलंस. मला विचारलंस, हे मी शेजारच्या गुरम्माकडून परत वाचून घेतलं. डोळ्यांवर माझा भरवसा नाही.

तू लिहितेस की आता नांदेडलाच पाळणाघर काढायचं नक्की केलं आहे आणि दोन जागा डोळ्यांपुढे आहेत. एक मोंढ्याकडची, मोठी. तिच्या मागे वेगळ्या दाराची एक खोली आहे. "तुमची सोय होईल," एवढंच तू लिहिलंस. दुसरी श्रीनगरातली, दोन खोल्यांची, तिला मागे काहीच नाही. "तुम्ही सांगाल ती घेते," असं म्हणतेस.

न बघता सांगायची माझी हिंमत नाही. म्हणून मी परवा नांदेडला येऊन गेलो. रागावू नकोस. सकाळच्या गाडीने अहमदपूर, लोहा करत आलो. तुझ्या घरी आलो नाही, कारण आलो असतो तर महानंदाला बघितलं असतं आणि मग मला जागा नीट दिसली नसती. मागे तेच झालं.

आधी मोंढ्याकडची बघितली. मालकाने मागची खोली उघडून दाखवली. भिंतीत कोनाडा आहे, लिंगपूजेला अगदी बेताचा. पूर्वेला खिडकी आहे. मी आत बराच वेळ उभा राहिलो. मालक म्हणाला, "बाबा, बसा की, खुर्ची आणू का?" मी म्हणालो, "नको, बसलो तर उठायचा न्हाई."

मग बाहेर येऊन रस्त्यावर थांबलो. सरकीचे ट्रक लागतात तिथे, मागे घेताना ड्रायव्हरला मागचं दिसत नाही. त्या रस्त्याने पोर घेऊन जाणारी एकही बाई मला दिसली नाही. हमाल दिसले, आडते दिसले.

श्रीनगरात गेलो तर मास्तरांची, बँकेची, दवाखान्याची बिऱ्हाडं. मी झाडाखाली बसलो. येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना विचारायचं ठरवलं. लातूरला मी मालकांना विचारलं, गवंड्याला विचारलं, आडात डोकावून बघितलं. लेकरं ज्यांची, त्यांना विचारलं नव्हतं. पहिल्या दोघी मला बघून लांबून गेल्या. मग एक नर्स आली, कडेवर पोरगी, हातात डबा.

"बाई, हितं पाळणाघर काढलं तर पोरगी ठेवसाल का?"

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "कोण सांभाळणार? तुम्ही?"

"न्हाई न्हाई. माझी सून. कोर्स केलेली हाय."

"आणि तुम्ही कुठं असणार?"

"मी लातूरला असतो."

"मग ठेवीन," ती म्हणाली. नंतर तिलाच ओशाळं वाटलं. म्हणाली, "तसं नव्हे हो बाबा. पण म्हातारी माणसं पोरांना भलतंसलतं सांगत बसतात." मी म्हणालो, "खरं हाय." तिने मग सगळं सांगितलं. किती वाजता ड्युटी असते, पाऊस आला तर कुठल्या बाजूने यायचं, कोपऱ्यावरचं कुत्रं चावतं का. नाही चावत. आणखी दोघीतिघींची नावंही दिली. मी कागदावर उतरवून आणली, ती ह्यासोबत पाठवतो. तिचं नाव केवळा आहे. तिला आधी भेट.

तेव्हा श्रीनगरातली घे. उशीर करू नकोस, कुणीतरी टायपिंगवाला घेऊन टाकील.

मागच्या खोलीचं मनावर घेऊ नकोस. ती चांगली आहे, मी नावं ठेवत नाही. पण तिथे राहिलो तर भिंतीपलीकडे पोरांचा आवाज येईल, आणि मी गप्प बसणारा माणूस नाही. एखादं विचारेल, आजोबा, हे काय आहे? मी सांगून मोकळा होईन.

पाळणे उद्याच्या गाडीने टाकतो. दोऱ्या नव्या लावल्या आहेत. एकाची कडी थोडी करकरते, तिला तेल दे. टपावर टाकताना आपटतील म्हणून गोणपाटात बांधले आहेत. उतरवून घ्यायला महादेवप्पांना स्टँडवर पाठव, तू एकटी उचलू नकोस.

मी येईन तेव्हा रविवारी येईन. रविवारी पोरं नसतात.

तुझा,
धोंडप्पा